बाळ रडतंय, वहिनी

देवास, कार्तिक वद्य ७, शके १८२७

(भाऊ, तुमच्या लेकीचं हे पत्र बायकांचं आहे. तुम्ही उघडू नये, वहिनींच्या हाती द्यावं.)

सौ. दुर्गावहिनींस पमाचा नमस्कार.

काल दिवेलागणीला आम्ही देवासास सुखरूप पोचलो. सुखरूप लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. धार सोडल्यापासून इंदुरास मामांच्या दारात दमणी उभी राहीपर्यंत मोरू रडत होता. रात्री मामींकडे जरा निजला, आणि सकाळी आग्रा रोडला लागलो तशी पुन्हा सुरुवात. गाडीवान शेवटी मागं वळून म्हणाला, "बई, छोरो भूको हे कई?" त्याला काय सांगू? पाजून पाजून माझी पाठ मोडली होती.

तुम्ही ओट्यावर आला नाहीत. आई म्हणाली, दुर्गेचं डोकं दुखतंय. दादा दमणीपाशी उभा होता, पण माझ्याकडे नाही, बैलांच्या शिंगांकडे बघत होता. मी माजघराच्या दाराकडे बघितलं. ते लावलेलं होतं. आपल्या घरात ते दार दिवसा कधी लावत नाहीत.

आईनं सगळ्यांना सांगितलं, थंडी वाढायच्या आत लेक सासरी गेलेली बरी. पण पहिलटकरणीला पाचव्या महिन्याआधी कोण पाठवतं? शेजारच्या काकूंनी विचारलंच. आई म्हणाली, "जावयांकडून निरोपावर निरोप येणं चाललंय." वहिनी, इकडून एकही निरोप आला नव्हता. इथं आल्यावर कळलं, इकडे फिरतीवर जाणं झालं आहे. जमाबंदीचं काम आहे, गावोगाव तंबू पडतात. घरात सासूबाई आणि मी. धुण्याभांड्याला धापूबाई येते, ती माळव्यातलीच, बोलणं मला अर्धं कळतं.

मला राहून राहून भाद्रपद आठवतो. नर्मदेला तो पूर आला नसता तर तुम्ही धरमपुरीस तुमच्या माहेरी गेला असता आणि मी एकटीच त्या खोलीत असते. दोन बाजा, दोन शेगड्या, ओव्या-शेपाचा धूर, आणि आई म्हणायची, सून आणि लेक एकदमच बाळंतीण, माझ्या हाडांचं पीठ होणार. मोरू रडला की तुमची सरू रडायची, सरू रडली की मोरू. आपण हसायचो. कुणाचं कोण रडतंय हे अंधारात कळायचं नाही, आणि दोघींच्याही चोळ्या भिजायच्या.

सरू गेल्यावर आपण एका खोलीत निजलो नाही. तेव्हापासून तुम्ही माझ्याशी बोलला असाल ती सगळी वाक्यं मला पाठ आहेत, इतकी ती थोडी आहेत.

दोन ओळींचं उत्तर दिलंत तरी पुरे. भाऊंनी दोघींना एका पाटीवर शिकवलं ते कशासाठी?

मोरू उठला. थांबते.

तुमची पमा


देवास, मार्गशीर्ष शुद्ध १०

वहिनी,

उत्तर आलं नाही. दादाचं कार्ड आलं, त्यात सगळी खुशाल आहेत असं आहे. सगळ्यांत तुम्ही आहात की नाही ते त्यानं लिहिलं नाही.

मोरूचं रडणं वाढलं आहे. हे मी आईला लिहीत नाही, कारण ती म्हणेल, तुलाच घेता येत नाही. सासूबाई तसं म्हणत नाहीत. त्या नुसत्या दारात येऊन उभ्या राहतात. ते जास्त वाईट.

तुम्हाला सांगते तसं कुणाला सांगता येणार नाही. तो रडायला लागला की आधी माझ्या कानांना कळत नाही, छातीला कळतं. मुंग्या येतात, मग आतून कुणी दोर ओढावा तसं होतं आणि पान्हा फुटतो. चोळी भिजल्यावर मग मला आवाज ऐकू येतो. पाजायला घ्यावं तर दोन घोट घेतो, मान फिरवतो, पाठ ताठ करतो, गुडघे पोटाशी ओढतो, आणि पुन्हा टाहो. दुपार कलली की रोज हेच, दिवे लागेपर्यंत. ओवा चघळून त्याच्या तोंडावर फुंकते, हिंग लावते बेंबीला, पालथा घालते. काही नाही. मग माझे दात एकमेकांवर बसतात. तळहात ओले होतात. टेकडी चढून आल्यासारखी छाती धडधडते. परवा ताक घुसळत होते आणि तो रडला, तर रवीचा दोर हातातून सुटेना. बोटंच उघडेनात. दुसऱ्या हातानं एकेक सोडवावं लागलं.

तो निजलेला असला तरी मला ऐकू येतो. विहिरीवरचा रहाट कुरकुरला की तो. घार ओरडली की तो. जात्याच्या घरघरीत तर नक्कीच. मी जातं थांबवते, कान देते, काही नसतं, पुन्हा दळायला लागते, पुन्हा तेच. पलीकडच्या गोठ्यात वासरू हंबरलं आणि माझी चोळी भिजली. सासूबाई हसल्या. "आता वासरालाही पाजणार का ग?" म्हणाल्या. त्यांनी प्रेमानंच म्हटलं. मला हसू येईना.

मंगळवारी मी त्याला पाळण्यात टाकलं. ठेवलं नाही, टाकलं. जोरात नव्हे, पण हात माझे नव्हते. आणि परसात गेले, गोवऱ्यांच्या ढिगामागं, कानांवर हात घेऊन बसले. तरी ऐकू येतच होता. सासूबाई आल्या.

"लेकरू रडलं की आई धावते म्हणतात," त्या म्हणाल्या. "तूही धावलीस. पण उलटी."

मी म्हटलं, "मला भीती वाटते."

"कुणाची? त्या एवढ्याशाची?"

मला माझीच वाटते, हे त्यांना कसं सांगू? त्यांनी मला उठवलं, पाय धुवायला पाणी दिलं आणि मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढली. मोरूची नाही, माझी.

इकडून येणं झालं होतं चार दिवस. मोरूला घेऊन अंगणात फिरवलं, शीळ घातली. पहिल्या दिवशी. मग डोकं दुखायला लागलं म्हणून कचेरीतच निजणं झालं. जाताना म्हणणं झालं, "तू जरा शांत असलीस तर तोही शांत होईल." मी मान हलवली. माझ्या मनात आलं, मलाही एक कचेरी असती तर!

आता तुम्ही रागवाल ते लिहिते. त्या दुपारी मी झोपले नव्हते. मोरू रडून रडून निळा झाला होता, माझ्यात त्याला उचलायचं त्राण नव्हतं, आणि तुम्ही आलात. उंबऱ्यात थांबलात. तुमच्या चोळीवर दोन ओले डाग होते. सरूला जाऊन पंधरवडा झाला होता तरी. तुम्ही त्याला घेतलंत, भिंतीकडे तोंड करून बसलात, आणि तो गप्प झाला. वहिनी, एवढी शांतता मी महिन्यात ऐकली नव्हती. तुमची पाठ हलत होती. मला वाटलं, आता बरं झालं. आता आपण दोघी मिळून वाढवू ह्याला.

तोच आई आली. तिनं त्याला तुमच्या मांडीवरून ओढलं. "जिचं दूध स्वतःच्या लेकराला लाभलं नाही ते माझ्या नातवाला नको," म्हणाली. मी उठून म्हटलं, "आई, राहू दे, मला चालतंय." तिनं ऐकलं नाही. तुम्ही ऐकलंत का? माझं बोलणं तुमच्यापर्यंत पोचलं का, एवढंच मला विचारायचं आहे. कारण तुम्ही तशाच बसून होता, भिंतीकडे, पदर न सावरता.

आईनं ते भीतीपोटी म्हटलं, हे मला कळतं. म्हणून ते खरं होत नाही. माझा तसा समज नाही. मोरूचा तर नाहीच.

पमा


देवास, मार्गशीर्ष वद्य ११

वहिनी,

आनंदाची गोष्ट. मोरू रडायचा थांबला.

सासूबाईंनी बाळागोळी सुरू केली आहे. इथं घरोघर देतात. माळव्यात पोस्ताची शेतं दारापर्यंत आलेली, अफू काय, मीठमिरचीसारखी फडताळात असते. मोहरीएवढी गोळी करायची, आईच्या दुधात उगाळायची, बोटानं चाटवायची. मी विचारलं, "ह्यात अफू असते ना?" तर म्हणाल्या, "अफू असते, जायफळ असतं, केशर असतं. माझी चौघं ह्याच गोळीवर वाढली. तुझा नवराही." मग मी काय बोलणार? आणि खरं सांगते, मला बोलायचंही नव्हतं. त्यांना माझी दया आली म्हणून त्यांनी दिली. इतक्या दिवसांत माझी दया कुणाला आली नव्हती.

पहिल्या दिवशी मी जेवले आणि तिथंच पाटावर बसल्या बसल्या निजले. दुसऱ्या दिवशी न्हायले, केस उन्हात वाळवले. धापूबाई म्हणाली, "अब थारो मूंडो मनख जसो दिखे." म्हणजे आता माणसासारखी दिसतेस.

घरात आता सगळं ऐकू येतं. चिमण्या, चुलीतलं लाकूड, समोरच्या ओळीत कुणी पान कुटतं ते. समोरची ओळ थोरल्या पातीच्या राज्यात आहे, आम्ही धाकट्या पातीच्या. एका रस्त्याचे दोन राजे. लग्न होऊन आले तेव्हा ह्याची मला केवढी गंमत वाटायची! ते सगळं मी विसरूनच गेले होते.

तुम्ही कशा आहात? तुमचं दूध अजून येतं का? सुईण पाला बांधणार होती, त्यानं उतार पडला का? हे विचारू नये, पण माझ्याखेरीज कोण विचारणार?

माझा पान्हा मात्र कमी झाला आहे. तो मागतच नाही. सकाळचा प्यायला की उन्हं उतरेपर्यंत उठत नाही, उठला तरी ओठ हलवतो आणि सोडून देतो. सासूबाई म्हणतात, शहाणा झाला. बघायला येतात त्या बायकाही म्हणतात, काय गुणी बाळ! मीही म्हणते.

परवा एक लमाणीण रस्त्यानं चालली होती. पाठीशी झोळीत मूल, ते केकाटत होतं. माझी चोळी भरून वाहिली. मी धावत पाळण्याशी आले, म्हटलं, आता उठला असेल, आता देते. तो तसाच होता. डोळे अर्धे उघडे. मी तोंडावरून हात फिरवला तर पापणी लवली नाही, मग जरा वेळानं लवली.

मला वाटतं थंडीनं तो सुस्त आहे. तुम्ही काळजी करू नका. तुम्ही ह्याला बघितलंत तर ओळखणार नाही, इतका शांत झालाय.

पमा


देवास, पौष वद्य ८

वहिनी,

हे मी आईला कळवलेलं नाही. इकडे तार गेली आहे, पण तंबू कुठल्या गावी आहे ते कचेरीतही नक्की कुणाला ठाऊक नाही.

संक्रांतीला मोरूचं बोरन्हाण होतं. मी काळं झबलं शिवलं होतं, त्यावर पांढरे ठिपके काढले होते, सासूबाईंनी हलव्याचे दागिने केले. मुकुट, बाजूबंद, गळ्यात हार. आळीतल्या बायका आल्या, त्यांची पोरंही. मोरूला पाटावर माझ्या मांडीत बसवला. सगळ्या म्हणाल्या, कृष्णच! मग डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे ओतले. पोरं बोरं वेचायला एकमेकांच्या अंगावर पडली, एकाला लागलं, ते भोकाड पसरून रडायला लागलं, ते बघून मांडीवरची दोन तान्ही रडली. केवढा गलका! माझी छाती दाटून आली आणि मी खाली बघितलं.

मोरूच्या गालावर एक बोर आपटून लाल झालं होतं. त्याला पत्ताच नव्हता. मुकुट कपाळावर घसरला होता. मी हाक मारली. मी त्याचा हात उचलला, सोडला, तो पडला. ओठांभोवती रंग बरा नव्हता. श्वास येत होता, मग पुढचा येईना, मग यायचा.

मी किंचाळले. तिळगुळाचं ताट कुणाच्या तरी हातून पडलं. एक बाई म्हणाली, बाहेरचं झालं, अंगारा आणा. मी म्हटलं, "बाहेरचं नाही. गोळी." आणि सासूबाईंकडे बघितलं.

त्यांचं तोंड पांढरं झालं होतं. "दोन दिल्या," त्या म्हणाल्या. "आज एवढ्या बायका यायच्या, त्यानं किरकिर करू नये म्हणून."

धापूबाई धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आली. ते थोरल्या पातीत राहतात, पण आले. पोर तपासलं, डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या, औषधाचे थेंब घशात सोडले. मग उभे राहून म्हणाले, "आता ह्याला निजू द्यायचं नाही. निजला तर गेला. रडवा ह्याला. आई कोण? तुम्ही रडवा."

वहिनी, मी!

मी त्याचे दागिने ओरबाडून काढले. झबलं काढलं. तळव्यांवर टिचक्या मारल्या. गार पाण्याचा फडका तोंडावरून, पोटावरून फिरवला. मांडीला चिमटे घेतले. पहिला हळू घेतला, मग जोरात. कातडीवर वळ उठले तरी तो नुसता "अं" करायचा आणि मान टाकायचा. डॉक्टर बाहेरच्या सोप्यातून ओरडत होते, "थांबू नका." बायका निघून गेल्या. धापूबाई त्याला अंगणात नेऊन थंडीत उघडा फिरवायची, आणून माझ्या हातात द्यायची, मी पुन्हा टिचक्या. मी त्याला काय काय म्हटलं, मला आठवत नाही. धापूबाईनं मागून सांगितलं की मी म्हणत होते, रड मेल्या, रड माझ्या राजा, रड, मी नाही पळणार.

उन्हं भिंतीवरून वर गेली तेव्हा त्यानं तोंड वाकडं केलं. आवाज आला नाही. मी आणखी एक चिमटा काढला. मग तो रडला. बारीक, मांजराच्या पिलासारखा. मग मोठ्यानं. मग असा रडला की त्याची सगळी हिरडी दिसली आणि हातपाय थरथरले, आणि माझा पान्हा असा आला, वहिनी, की चोळीतून, लुगड्यातून थेट मांडीवर ओघळला. मी हसत होते. डॉक्टर आत डोकावले, मला बघून परत फिरले.

जो आवाज ऐकून मी गोवऱ्यांमागं लपले, तोच तो आवाज. त्यात काही फरक नव्हता.

आता मोरू बरा आहे. डॉक्टर म्हणतात, संकट टळलं, पण सवय मोडताना त्रास देईल.

सासूबाईंचं लिहायचं राहिलं. रात्री त्यांना जेवायला बोलवायला गेले तर त्या देवघरात अंधारात बसल्या होत्या. म्हणाल्या, "प्रमोदिनी, मला सहा झाली."

मी म्हटलं, "चौघं म्हणाला होता ना."

"वाढली चौघं. दोघं झोपेतच गेली. एक तिसऱ्या महिन्यात, एक पाचव्या. सगळे म्हणाले, किती शांत लेकरं होती, देवाला आवडली." मग म्हणाल्या, "इतकी वर्षं मला वाटत होतं, देवानं नेली."

मी त्यांचे पाय धरले. मला त्यांचा राग येत नाही. यायला हवा का?

पमा


देवास, पौष अमावास्या

वहिनी,

थोडक्यात लिहिते, एका हातानं. दुसऱ्यात मोरू आहे.

गोळी सुटल्यापासून तो दिवसरात्र रडतो. अंगाला कंप येतो, नाक गळतं, दूध ओकतो. सासूबाई त्याला हात लावत नाहीत. मी म्हटलं, जरा घ्या, मी दोन घास खाते, तर हात मागं घेऊन म्हणाल्या, "माझा हात नको आता त्याला." माझ्यासाठी भाकरी करतात, पाणी तापवतात, पण तो रडला की भिंतीला धरून चालत दुसऱ्या खोलीत जातात आणि दार लोटतात. इकडून येणं झालं, दोन दिवस राहून, त्याला छातीशी धरून, डोळ्यांत पाणी आणून पुन्हा जाणं झालं. नोकरी आहे.

मी आता पळत नाही. पण पळत नाही म्हणजे सोसतं असं नाही. माझे दात दुखतात, इतके ते एकमेकांवर बसतात. काल भात गाळताना पेज हातावर सांडली, फोड आल्यावर कळलं. आणि दूध पुरत नाही. गोळीच्या दिवसांत आटलं ते परत भरलं नाही. त्या संध्याकाळी एवढं आलं, मला वाटलं आता कधी तुटणार नाही. तसं होत नाही म्हणे.

डॉक्टर म्हणाले, कुणी पाजणारी मिळाली तर बघा. आळीत दोघी आहेत, दोघींनी नाही म्हटलं. अफू उतरलेलं पोर, काय बाधा असेल कोण जाणे, म्हणाल्या. आई तुम्हाला जे म्हणाली तेच, फक्त उलटं.

तेव्हा मी विचारते. विचारायला मला लाज नाही, लाज बाळगायला आता उसंत नाही. तुमचं दूध आहे का अजून? असेल तर याल का? नसेल, किंवा यायचं नसेल, तर तेवढंच लिहा. नाही एवढं एकच अक्षर लिहा. पण ह्या वेळी लिहा, वहिनी. तुम्ही आहात हे मला कळू द्या.

बाळ रडतंय.

पमा


धार, माघ शुद्ध ४

पमावन्संस दुर्गेचा आशीर्वाद. मोरूस अनेक.

तुमची सगळी पत्रं पोचली. भाऊंनी एकही उघडलं नाही. प्रत्येक वेळी माजघराच्या दाराशी उभे राहून म्हणायचे, "बायकांचं आहे म्हणे," आणि खाली ठेवून जायचे. मी ती वाचली. पहिलं वाचलं त्यात गाडीवान म्हणतो, छोरो भूको हे कई, तिथंच मला पान्हा आला. कागदावरच्या शाईवर, वन्सं. वाचलं की येतोच, म्हणून मी उत्तराला बसायची नाही. बोरू उचलला की पुन्हा वाचावं लागणार. मला ते बंद व्हायला हवं होतं. सुईणीचा पाला काय, मी दोन महिने तुमच्या पत्रांपासून लांब राहून दूध आटवलं.

त्या दिवशी माझं डोकं दुखत नव्हतं. मी दारामागं होते. दोन्ही हातांनी कडी धरून. तुमचा मोरू रडत होता, दमणी हलत होती, आणि मला एवढंच कळत होतं की कडी सुटली तर मी धावत येऊन त्याला तुमच्या हातून हिसकावून घेईन. सासूबाई घाबरल्या त्या उगीच नाही. मी त्याला पाजत होते तेव्हा तो सरू नाही, हे मला ठाऊक होतं, आणि नव्हतंही. तुम्ही म्हणालात, राहू दे आई. ऐकलं होतं मी. त्याचाच मला सगळ्यांत राग आला. तुम्ही देऊ शकत होता. तुमच्याकडे द्यायला होतं.

आणि लपवायचं कशाला, मला त्याचा द्वेष वाटला. एकदा मनात आलं, दोघांतलं एक जायचं होतं तर. पुढचं लिहीत नाही. ते मनात आलं त्या दिवशी मी जेवले नाही. मग तुमचं संक्रांतीचं पत्र आलं. मी ते वाचताना इतक्या मोठ्यानं ओरडले की सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. मी त्यांना सगळं वाचून दाखवलं. चिमट्यांचं, हिरड्यांचं, सगळं. त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि ऐकत राहिल्या.

काल तुमचं अमावास्येचं आलं, तेही वाचून दाखवलं. मग मी म्हटलं, "मी देवासला जाते." इकडून म्हणणं झालं, "लोक काय म्हणतील, ननंदेच्या सासरी भावजय राहायला?" भाऊ म्हणाले, "लोकांचं मूल रडतंय का?" झालं. सासूबाई उठल्या, फडताळातून डिंक काढला आणि तळायला बसल्या. त्यांचे डिंकाचे लाडू मी घेऊन येते. त्यांनी निरोप काही दिलेला नाही. लाडूंचे मात्र दोन वाटे निराळे बांधलेत, एक वाटा मला. मी बाळंतीण असल्यासारखी.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. दूध नाही, वन्सं. आटलं. काल तुमचं पत्र संपेपर्यंत मी वाट बघितली, आलं नाही. आज सकाळी पुन्हा वाचलं. नाही आलं. तुम्ही मागितलंत आणि माझ्याकडे नाही, ह्यासारखं दुसरं काय असेल ते मला ठाऊक नाही. गाईच्या दुधात पाणी घालून, उकळून, कापसाच्या बोळ्यानं पाजतात, ते इथं एका दाईनं मला दाखवलंय. निम्मं तुमचं, निम्मं ते, असं करून बघू.

तरी मी येते. परवा निघते, इंदुरास एक मुक्काम, पुढं तुमच्याकडे. तो रडला की माझं काय होईल, ते मला सांगता येत नाही. कदाचित मला तुमच्यापेक्षा जास्त भीती वाटेल. कदाचित मी त्याला घेईन आणि परत द्यायला वेळ लावीन. तेव्हा तुम्ही माझ्या हातातून त्याला घ्या, हळू घ्या, पण घ्या. आणि तुम्हाला झोप आली की त्याला माझ्याजवळ टाकून निजा. तुमच्या सासूबाईंनाही सांगा, मला त्यांच्यापाशी बसायचं आहे. त्यांची दोघं गेली, माझी एक. मी त्यांना नावं विचारीन.

एक मात्र करा. मी येईन तेव्हा तो रडत असेल, तर मला बघून घाईनं उगी करू नका. मी पाय धुऊन आत येईतो रडू द्या. मला ऐकायचं आहे.

दुर्गा